पक्षी, फूल आणि तव्याचा दांडा

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांमध्ये चौथी-पाचवीच्या मुलांसाठी एक जत्रा भरते. देवाची नव्हे, राज्यांची. तिला 'स्टेट फेअर' म्हणतात. वर्गातल्या प्रत्येक मुलाला पन्नासातलं एक राज्य वाटून दिलं जातं, कधी चिठ्ठ्या टाकून, कधी मुलाच्या आवडीने. मग पाच-सहा आठवडे तयारी चालते. तीन घड्यांचा उभा राहणारा पुठ्ठ्याचा फलक, त्यावर नकाशा, झेंडा, राजधानी, राज्यपक्षी, राज्यफूल, ब्रीदवाक्य. समोर टेबलावर चार वस्तू आणि जमल्यास त्या राज्याचा म्हणून काही खाऊ. ठरलेल्या दिवशी शाळेच्या सभागृहात टेबलं ओळीने लागतात, आईवडील मोबाइल सरसावून येतात आणि खालच्या वर्गांतली पोरं हातात कागदी 'पासपोर्ट' घेऊन टेबलाटेबलावर शिक्के मारून घेत हिंडतात.

हे नाव त्यांनी खऱ्या स्टेट फेअरवरून उचललेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज इथे १८४१ साली असा पहिला मेळा भरला. शेतकऱ्यांनी आपली गुरं, डुकरं, भोपळे आणायचे, बक्षिसं घ्यायची आणि चार दिवस मजा करायची. टेक्सासचा मेळा डल्लासला १८८६ पासून भरतो. तिथे वेशीवरच्या राखणदारासारखा 'बिग टेक्स' नावाचा काउबॉयचा अगडबंब पुतळा उभा असतो. आपल्या फेस्ताच्या फेरीची मोठी बहीण म्हणा ना. आणि बहीण हे नुसतं म्हणायला नाही. इंग्रजीतला 'फेअर' आणि पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेली 'फेरी' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन घराण्यातले. असो.

मी तीस वर्षांहून अधिक काळ फोंडा तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर लेकीकडे डल्लासच्या एका उपनगरात जाऊन-येऊन असते. २०२४ च्या वसंतात नात पाचवीत होती आणि तिच्या वाट्याला चिठ्ठीत ओक्लाहोमा आलं. तिला हवाई हवं होतं. निदान कॅलिफोर्निया तरी. ओक्लाहोमा म्हणजे टेक्सासच्या डोक्यावर बसलेलं, रेड नदी ओलांडली की सुरू होणारं, सपाट, वाऱ्याचं राज्य. तिच्या मते तिथे 'काहीच नाही'. मग तयारीचा भार, घरात रिकामी असलेली एकमेव व्यक्ती म्हणून, माझ्यावर आला. त्या सहा आठवड्यांत या जत्रेबद्दल माझं एक मत पक्कं झालं. तेच आज इथे मांडते आहे, कारण तिकडे नातवंडं असलेले आपले पुष्कळ लोक आहेत आणि इकडेही असले 'प्रोजेक्ट' आता कमी नाहीत.

मत असं : राज्य ही पक्षी, फूल, दगड आणि खाऊ यांची टोपली आहे असं मुलाला शिकवायचं असेल तर जत्रा न भरवलेली बरी. राज्य म्हणजे माणसांनी एकमेकांशी घातलेला आणि कसाबसा मिटवलेला वाद असतो. तो वाद दहा वर्षांच्या मुलाला समजतो. नुसता समजत नाही, तर पक्ष्या-फुलांपेक्षा त्याला त्यातच जास्त गोडी वाटते. तयारी करून घेणाऱ्याने यादी भरायच्या आधी एकच प्रश्न विचारावा, हे राज्य झालं कसं?

शाळेने दिलेला कागद माझ्यासमोर होता. पंधरा-सोळा रकाने. राजधानी, लोकसंख्या, टोपणनाव, पक्षी, झाड, फूल, प्रसिद्ध व्यक्ती तीन. संघराज्यात कधी सामील झालं याचा रकाना होता. तिथे तारीख लिहायची की झालं. कसं आणि कुणाला विचारून याला जागा नव्हती. तो कागद बघताना मला माझे वडील आठवले. पोर्तुगीज अमदानीत ते 'प्रिमेर ग्राव'ला बसले होते. मांडवी-जुवारी दारात वाहत असताना त्यांना तेजो, दोरू, मोंदेगु या पोर्तुगालच्या नद्या पाठ कराव्या लागल्या. म्हातारपणीही ते त्या नद्या धडाधड म्हणून दाखवत. त्यातली एकही त्यांनी पाहिली नव्हती आणि एकीबद्दलही त्यांना काही विचारायचं नव्हतं. पाठांतराला माझा विरोध नाही, पाढे मीही घोकून घेतलेत. पण ज्या माहितीतून एकही प्रश्न उगवत नाही ती माहिती मुलाच्या डोक्यात भाडेकरूसारखी राहते आणि परीक्षा झाली की निघून जाते.

आता पक्ष्याचंच घ्या. कार्डिनल नावाचा तांबडा पक्षी तिकडे सात राज्यांचा राज्यपक्षी आहे. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, केंटकी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना. म्हणजे सात टेबलांवर सात मुलं तोच पक्षी रंगवून बसणार आणि प्रत्येक जण म्हणणार हा 'आमचा'. ओक्लाहोमाचा निदान वेगळा आहे. कात्रीसारख्या लांब, दुभंगलेल्या शेपटीचा, आपल्या कोतवालाची आठवण करून देणारा. नातीने तो सुरेख काढला. पण गंमत आली ती भाजीत. २००७ साली ओक्लाहोमाच्या विधिमंडळाने कलिंगडाला राज्यभाजी म्हणून मान्यता दिली. कलिंगडाला! नातीला ते खरंच वाटेना. "आजी, कुणी ठरवलं?" मी म्हटलं, हा प्रश्न लिहून ठेव. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, दुसरं कुणी नको म्हणालं का. कलिंगड काकडी-भोपळ्याच्या कुळातलं म्हणून ती भाजी, असा तिथल्या आमदारांचा युक्तिवाद होता आणि हसणारे तेव्हाही हसलेच. पण पोरीच्या ध्यानात एक गोष्ट आली की राज्याचा पक्षी, फूल, भाजी आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी हात वर करून ती मंजूर करतं. मॅसॅच्युसेट्सची राज्यकुकी तर शाळेच्या एका वर्गाने मागणी केली म्हणून १९९७ साली ठरली. यादी अशी वाचली तर यादीलाही माझी ना नाही.

मग आम्ही नकाशावर आलो. मी तिला तयार नकाशा छापून चिकटवू दिला नाही. हाताने काढ म्हटलं. हाताने काढताना जिथे पेन्सिल अडते तिथे इतिहास असतो, हे मी वर्गात शेकडो वेळा पाहिलंय. ओक्लाहोमाचा आकार दांड्याच्या तव्यासारखा आहे. पूर्वेला तवा, पश्चिमेला लांबलचक दांडा. तिकडे त्या पट्ट्याला 'पॅनहँडल'च म्हणतात. दांड्यापाशी नातीची पेन्सिल अडली. "ही पट्टी टेक्सासला का नाही दिली? त्याच्या वरच तर आहे."

आता याचं उत्तर 'ती तशीच आहे' असं देता येतं. आणि खरंही देता येतं. खरं उत्तर असं की १८२० साली अमेरिकेच्या काँग्रेसने एका समझोत्यात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावर रेघ मारली. पश्चिमेच्या नव्या मुलखात त्या रेघेच्या उत्तरेला गुलामगिरी चालणार नाही. टेक्सास १८४५ मध्ये गुलामांचं राज्य म्हणून संघराज्यात आलं. १८५० च्या तडजोडीत त्याने इतर मोठ्या मुलखाबरोबर त्या रेघेच्या वरची जमीन सोडून दिली. ठेवली असती तर तिथे गुलाम ठेवता आले नसते. पुढे १८५४ मध्ये कॅन्ससची दक्षिण सीमा ३७ अंशांवर ठरली. मधला अर्धा अंश, सुमारे पंचावन्न किलोमीटर रुंदीचा पट्टा, कुणाच्याच पदरात पडला नाही. १८९० पर्यंत तो कुठल्याही राज्याचा वा प्रदेशाचा नव्हता. लोक त्याला 'नो मॅन्स लँड', बिनमालकाची जमीन म्हणत. तव्याचा दांडा गुलामगिरीने पाडलेला आहे. नातीने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे माणसं विकता यावीत म्हणून त्यांनी जमीन सोडली?" दहा वर्षांच्या मुलीने. याहून नेमकं वाक्य मलाही सुचलं नसतं.

खरी अडचण नावापासून सुरू झाली. ओक्लाहोमा हे नाव चॉक्टॉ भाषेतलं. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे तांबडे. चॉक्टॉ प्रमुख अ‍ॅलन राइट यांनी १८६६ मध्ये सुचवलेलं. त्या आधी आणि नंतरही बराच काळ राज्याच्या पूर्वेकडच्या भागाला 'इंडियन टेरिटरी' म्हणत. ते वाचून नातीचा चेहरा उजळला. "म्हणजे आपली?" घरातली मंडळी हसली. मी नाही हसले. तिच्या वर्गात तिला रोज 'इंडियन' म्हणतात आणि पुस्तकात पिसं लावलेल्या माणसालाही 'इंडियन' म्हणतात. तिने काय समजावं? कोलंबस १४९२ मध्ये हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. नाव मात्र त्याने आपलंच दिलं. सहा वर्षांनी वास्को द गामा खऱ्या हिंदुस्थानात, कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतलं. एका शोधाच्या दोन टोकांवरच्या दोन प्रकारच्या 'इंडियन' लोकांचा हिशेब गोव्याच्या आजीने नाही मांडायचा तर कुणी?

तेव्हा तिला सांगितलं की हे लोक मुळात इथलेही नव्हते. चेरोकी, चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक, सेमिनोल या पाच जमाती पूर्वेकडच्या, जॉर्जिया, अलाबामा, फ्लोरिडा या भागांतल्या. १८३० च्या कायद्याने त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकललं. १८३८-३९ च्या हिवाळ्यात चेरोकी लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात चालवत आणलं. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसं वाटेत आणि छावण्यांत मेली असा अंदाज आहे. त्यांना सांगितलं होतं, ही नवी जमीन कायमची तुमची. पन्नास वर्षांत 'कायमचं' संपलं. २२ एप्रिल १८८९ ला दुपारी बारा वाजता बंदुकीचे बार उडाले आणि मधल्या भागातल्या जमिनीवर पन्नास हजारांच्या आसपास माणसं घोडे-गाड्या घेऊन तुटून पडली. जो आधी खुंटी ठोकील त्याची जमीन. काही जण बारा वाजायच्या आधीच चोरून आत शिरून झुडपांत दबा धरून बसले होते. त्यांना 'सूनर' म्हणत. आणि आज राज्याचं टोपणनाव काय? 'सूनर स्टेट'. रात्रीतून कुंपण पुढे सरकवणारे आपल्याकडेही आहेत, पण त्यांच्या नावाने आपण गावाचं नाव नाही ठेवलं. ओक्लाहोमातल्या शाळांमध्ये या धावण्याचा खेळ मुलांना वर्षानुवर्षं खेळवत. काउबॉयच्या टोप्या घालून मुलांनी मैदानात धावायचं आणि झेंडी रोवायची. आदिवासी पालकांनी विचारलं की आमच्या मुलाने या खेळात कोण व्हायचं? अनेक शाळांनी अलीकडे तो खेळ बंद केला.

रकान्यातली 'तीन प्रसिद्ध व्यक्ती' भरताना आम्हाला सेक्वोया भेटला आणि तिथे माझीच शिकवणी सुरू झाली. हा चेरोकी माणूस. चांदीचं काम करणारा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोरे लोक कागदावरच्या खुणांनी बोलतात हे त्याने पाहिलं आणि आपल्या भाषेसाठी तसंच काही करायचं मनावर घेतलं. कित्येक वर्षं खपून १८२१ च्या सुमारास त्याने चेरोकीची लिपी सिद्ध केली. जवळपास पंचाऐंशी चिन्हं, प्रत्येक चिन्ह म्हणजे एक उच्चार, आपल्या बाराखडीतल्या क, का, की सारखा. काही वर्षांत ती लोकांत पसरली आणि १८२८ मध्ये चेरोकी व इंग्रजी अशा दोन भाषांत 'चेरोकी फिनिक्स' हे वर्तमानपत्र निघालं. लिपीवरून आपण गोव्यात किती शाई आणि किती घसा खर्च केलाय ते वाचकांना सांगायला नको. निरक्षर म्हणता येईल अशा माणसाने एकट्याने लिपी घडवावी आणि त्याच्या लोकांनी ती भांडण न करता उचलावी, याचं मला फार अप्रूप वाटलं. (भांडण अगदीच झालं नसेल असं नाही. सुरुवातीला तो जादूटोणा करतो असा संशय घेतलाच होता.)

त्याच्या नावाचं एक राज्य व्हायचं होतं. ही गोष्ट तर शाळेच्या कागदात नव्हतीच, नातीच्या पुस्तकातही नव्हती. १९०५ मध्ये इंडियन टेरिटरीतले लोक मस्कोगी गावी जमले. अध्यक्ष क्रीक प्रमुख प्लेझंट पोर्टर. त्यांनी राज्यघटना लिहिली आणि मागितलं, की पश्चिमेच्या ओक्लाहोमा टेरिटरीत आम्हाला मिसळू नका. आमचं वेगळं राज्य करा, नाव 'सेक्वोया'. मतदान घेतलं. सुमारे छप्पन हजार मतं बाजूने, नऊ हजार विरुद्ध. वॉशिंग्टनने दाद दिली नाही. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना आणि त्यांच्या पक्षाला विरोधी पक्षाची दोन नवी राज्यं परवडणारी नव्हती. १६ नोव्हेंबर १९०७ ला दोन्ही प्रदेश एक करून शेहेचाळिसावं राज्य झालं. त्या दिवशी गथ्री या तेव्हाच्या राजधानीत चक्क लग्न लावलं. नवरदेव 'मिस्टर ओक्लाहोमा टेरिटरी', नवरी 'मिस इंडियन टेरिटरी'. नवरीला विचारलं होतं, तिने 'नाही' सांगितलं होतं, तरी लग्न लागलं.

इथे मला थांबावं लागलं. विलीनीकरण हा शब्द गोव्याच्या माझ्या पिढीच्या माणसाला सहज उच्चारता येत नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मी आठ वर्षांची होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर 'फूल', संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं असेल तर 'दोन पानं'. आमच्या घरात फूलही होतं आणि पानंही. वडील फुलाचे, काका पानांचे. निकालात पानं सुमारे चौतीस हजार मतांनी जिंकली आणि त्यानंतर दोघं भाऊ चतुर्थीला एका पंगतीला बसले तरी बरेच दिवस वाढणारीशीच बोलायचे. मराठीवर जीव असलेल्या अनेकांच्या मनात तो निकाल अजून ठसठसतो, आणि वेगळेपण राखलं म्हणून आनंद मानणारेही आपल्याच घरांत आहेत. मी इथे त्याचा निवाडा करत नाही. पण एक गोष्ट दोघा भावांना मान्य होती. आपल्याला विचारलं गेलं आणि मोजलेलं मत मानलं गेलं. पुढे वीस वर्षांनी, ३० मे १९८७ ला, गोवा पंचविसावं घटकराज्य झालं. नातीला हे मी पहिल्यांदाच सांगितलं. ओक्लाहोमाच्या निमित्ताने तिला तिच्या पणजोबांचं मत कळलं. तिने विचारलं, "मग सेक्वोयावाल्यांचं मत कुठे गेलं?"

आता हरकती. पहिली लेकीची. "आई, रुब्रिकमध्ये हे नाही." रुब्रिक म्हणजे कशाला किती गुण याचा तक्ता. झेंड्याला पाच, पक्ष्याला पाच, नीटनेटकेपणाला दहा. लेक दोन नोकऱ्यांएवढं काम एका नोकरीत करते, तिला रात्री नऊला इतिहासाचा तास नको असतो. तिचं खरं आहे, आणि म्हणून आम्ही रुब्रिकमधलं सगळं केलं. कुठलाही रकाना रिकामा सोडला नाही. पण त्याला लागले किती दिवस? तीन. उरलेले पाच आठवडे बहुतेक घरांत काय चालतं तेही मी पाहिलं आहे. फलक सुंदर करणं चालतं. रंगीत छपाई, कापून चिकटवलेली अक्षरं, दिवे लावलेली चौकट. आणि ते मूल करत नाही, आईवडील करतात. आपल्या भारतीय घरांचा तर यात हात धरणारा कुणी नाही. इकडे प्रोजेक्ट विकत करून देणारी दुकानं आहेत, तिकडे बाप स्वतः दुकान होतो. जत्रेच्या दिवशी असे फलक लगेच ओळखू येतात; त्यांच्यामागे उभ्या असलेल्या मुलाला काही विचारलं की ते वळून फलक वाचू लागतं. माझी शिक्षकांना एकच विनंती आहे, नीटनेटकेपणाचे ते दहा गुण काढून फलकाकडे पाठ करून दिलेल्या उत्तराला द्या. चार दिवसांत बापांचा उत्साह उतरेल.

दुसरी हरकत वजनदार आहे. दहा वर्षांच्या मुलांना हे इतकं कडू कशाला? जत्रा आहे, शिक्के मारू द्या, खाऊ खाऊ द्या. यावर माझं उत्तर तीस वर्षांच्या वर्गातलं आहे. या वयाच्या मुलाला 'हे बरोबर नाही' या वाक्याची जितकी जाण असते तितकी पुढे कधीच राहत नाही. खेळात रडी खाणारा, रांगेत घुसणारा, खाऊ वाटताना कमी देणारा, यांच्यावर ते दिवसभर न्यायाधीश होऊन बसलेलं असतं. सूनर म्हणजे काय ते त्याला एका वाक्यात कळतं. मात्र काय सांगायचं आणि कुठे थांबायचं याचा विवेक मोठ्यांनी ठेवावा. टल्सा शहरात १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने काळ्या लोकांची ग्रीनवूड ही सगळी वस्ती जाळली. तिथे काय झालं ते मी तिला दोन वाक्यांत सांगितलं, फोटो दाखवले नाहीत. ते दोन-तीन वर्षांनी. आणि एका बाजूला सगळे दुष्ट, दुसऱ्या बाजूला सगळे बिचारे असंही रंगवलं नाही. त्याच पाच जमातींतल्या श्रीमंतांकडे स्वतःचे काळे गुलाम होते, आणि ते त्या जीवघेण्या वाटेवरून त्यांच्याबरोबर चालत आले होते. हे ऐकून ती गोंधळली. गोंधळू दे.

तिकडे या विषयावरून मोठ्यांची भांडणं चालू आहेत हेही सांगायला हवं. ओक्लाहोमातच २०२१ मध्ये वंशभेदाविषयी वर्गात कुठल्या कल्पना शिकवू नयेत याचा कायदा झाला, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शिक्षक जपून बोलू लागले. शिक्षिका मूग गिळून बसली तर मी तिला दोष देणार नाही, पोट तिलाही आहे. पण आजीवर कुठला कायदा चालतो? घरी सांगता येतं. शिवाय ही जुनीपुराणी गोष्ट नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की क्रीक लोकांना करारात दिलेला राखीव प्रदेश काँग्रेसने कधी रद्दच केलेला नाही, तेव्हा फौजदारी कामापुरता तो आजही त्यांचा. टल्साचा बराच भाग त्यात येतो. आणि सेक्वोयाचं म्हणाल तर, ज्याच्या नावाचं राज्य नाकारलं त्याचाच पुतळा ओक्लाहोमाने १९१७ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात आपल्या वतीने उभा केला. पुतळे लवकर मिळतात. हे आपल्याला नवं नाही.

जत्रा छान झाली. खाऊ मात्र दुकानातला, वेष्टणबंद आणि शेंगदाणे-काजू नसलेलाच आणायचा असा शाळेचा नियम होता, त्यामुळे माझा बेत फसला. ओक्लाहोमाने १९८८ मध्ये राज्याचं अधिकृत जेवण ठरवलंय आणि त्यात तळलेली भेंडी आहे! आफ्रिकेतून गुलामांबरोबर तिकडे गेलेली भेंडी. मक्याच्या पिठात घोळवून मी ती घरी तळली, जावयाने दोनदा मागून घेतली. शाळेत बिस्किटांचा पुडा गेला. बहुतेक पोरांनी बिस्किट उचललं, शिक्का मारून घेतला आणि पुढच्या टेबलाकडे पळाली. हवाईच्या टेबलावर फुलांच्या माळा वाटत होते, तिथे झुंबड. नातीच्या फलकावर कोपऱ्यात तिने स्वतःच्या अक्षरात दुसरा एक नकाशा काढला होता, त्यावर 'सेक्वोया, १९०५' लिहिलं होतं आणि खाली प्रश्नचिन्ह. तासाभरात तिला तिघांनी त्याबद्दल विचारलं. दोन मोठे, एक दुसरीतला मुलगा. मुलाला तिने तव्याचा दांडाही समजावला, फलकाकडे न बघता. तिला गुण किती मिळाले ते मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं काही नाही.

आपल्याकडे 'एक भारत श्रेष्ठ भारत' योजनेत गोव्याची जोडी झारखंडशी लावलेली आहे. शाळाशाळांतून झारखंडचे फलक लागतात, मुलं तिथला नाच बसवतात, तिथला पक्षी आणि फूल रंगवतात. रंगवू देत. पण त्याच फलकावर जयपाल सिंग मुंडा यांना जागा द्या. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमधल्या भारतीय हॉकी संघाचे कर्णधार, म्हणजे मुलं ऐकतील. याच माणसाने पुढे राज्य पुनर्रचना आयोगापुढे आदिवासींसाठी वेगळं राज्य मागितलं, ते नाकारलं गेलं. झारखंड झालं १५ नोव्हेंबर २००० ला, जयपाल सिंग जाऊन तीस वर्षं उलटल्यावर. आपल्या बांधकामांवर, हॉटेलांत, ट्रॉलरांवर तिथली माणसं आज काम करतात. त्यांच्यातल्या एखाद्याला शाळेत बोलावून मुलांना विचारू द्या की तुमचं राज्य कसं झालं. नाच तोही दाखवील, हवा असेल तर.